वंशावळीचा कागद आणि दुर्मिळ मेंदूविकार

मूळचे गडहिंग्लजचे आणि सध्या एम.डी. मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला असलेले एक तरुण डॉक्टर विचारतात, की डी.एम. न्यूरॉलॉजी ही मेंदूविकारांतली अतिविशेष पदवी घेऊन पुढे दुर्मिळ आणि मेंदूची झीज करणाऱ्या आजारांवर संशोधन करायचे असेल, तर कोल्हापूरला परत येण्यात अर्थ आहे का, की बेंगळुरूला किंवा परदेशातच राहावे. ज्या आजारांवर औषधच नाही त्यांच्यामागे आयुष्य घालवू नका, असे त्यांना वरिष्ठांनी सांगितले आहे. त्यावरही त्यांना माझे मत हवे आहे. मी बावीस वर्षे कोल्हापुरात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि माझे जे काही संशोधन आहे ते सगळे इथल्याच ओपीडीत सुरू झाले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

परत यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जनुकांचे वाचन, पेशींवरचे प्रयोग, प्राण्यांवरचे अभ्यास यांतले इथे काही होणार नाही, आणि ते इथेच व्हावे असा हट्टही धरू नये. मात्र ज्याच्यावाचून हे सगळे अडून बसते, ते नीट तपासलेले, वर्षानुवर्षे पाहिलेले आणि तुमच्यावर विश्वास टाकणारे कुटुंब इथे मिळते. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत रुग्ण एकदा येतो, फाइल घेऊन जातो आणि पुढच्या तारखेला येईलच असे नसते. इथे रुग्णाचा भाऊ शेजारच्या गावात असतो, बहीण निपाणीला दिलेली असते, आत्या शिरोळला असते आणि तिघेही एका दिवसात येऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परतू शकतात. दुर्मिळ आजाराच्या अभ्यासात याचे मोल किती आहे, ते एका कुटुंबाच्या हकिकतीवरून सांगते.

मी इथे येऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. कागल तालुक्यातले, उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारे चाळिशीचे एक गृहस्थ पत्नीबरोबर आले. चालताना झोकांड्या जात होत्या, बोलणे जड झाले होते, आणि दारू पिऊन गाडी चालवतो असे म्हणून त्यांना कामावरून काढले होते. पत्नी रडतच म्हणाली, "मॅडम, गळ्यात माळ आहे यांच्या, दारूच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत." मी एका हातात पेनाचे टोपण धरले, दुसऱ्या हाताचे बोट वर केले आणि त्यांना आळीपाळीने दोन्हींकडे बघायला सांगितले. आपली नजर अशा वेळी एका उडीत पोचते. त्यांची नजर मात्र चिखलातून पाय ओढावा तशी सावकाश सरकत गेली, आणि ती पोचावी म्हणून त्यांनी आधी डोळे मिटले, मग मान वळवली. तोल जाणे आणि नजरेची ही मंद चाल एकत्र दिसली की एका विशिष्ट आजाराचा संशय घ्यायचा, हे मला शिकवले गेले होते, आणि ही शिकवण मुंबईतूनच जगभर गेलेली आहे.

जे. जे. रुग्णालयात काम केलेले डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात अशा नऊ कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. लहान मेंदूची आनुवंशिक झीज आणि त्याबरोबर डोळ्यांच्या हालचालींचे मंदपण, हा एक स्वतंत्र आजार आहे असे त्यांनी मांडले. तेव्हा एमआरआय नव्हता आणि जनुक हाती लागण्याची साधनेही नव्हती. होते ते रुग्णाचे डोळे, आणि त्याच्या भावंडांना, मुलांना बोलावून तपासण्याची चिकाटी. आज ज्याला आपण एससीए-२, म्हणजे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियाचा (तोल जाण्याच्या विकाराचा) दुसरा प्रकार, म्हणतो, त्याचे बाराव्या गुणसूत्रावरचे जनुक १९९६ मध्ये सापडले, म्हणजे तपासणीने सांगितलेले प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला पंचवीस वर्षे लागली. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवातावर निबंध लिहिला तो सहा रुग्णांवर, आणि त्यांतले काही तर त्यांनी लंडनच्या रस्त्यावर चालताना पाहिलेले होते. या शाखेत नजरेने केलेले काम अजूनही जुने झालेले नाही.

"तुमच्या घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?" असे मी त्या गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी ठामपणे नाही म्हटले. फाइलमध्ये मी तसेच लिहिले असते, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. महिन्याभराने एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. सोप्यात चहा घेत असताना आत भांडे पडल्याचा आवाज झाला, आणि भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या आत्याने आधी मान वळवली. डोळे नंतर हळूहळू मागोमाग गेले. पुढचे सगळे मला स्वयंपाकघरात कळले. थोरल्या जावेने चुलीपाशी बसून सांगितले, की सासऱ्यांच्या पायांतही असेच वारे शिरले होते, चुलत सासरे विहिरीवर तोल जाऊन पडले होते, आणि घरात दोन मुली लग्नाच्या असल्यामुळे हे कुणी बाहेर बोलत नाही. घराण्यातला आजार पुरुष सांगत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने तो घराण्याचा कमीपणा असतो. बाहेरून सून म्हणून आलेल्या बाईने मात्र तो डोळ्यांनी पाहिलेला असतो, तिने त्या माणसाचे हगणेमुतणे काढलेले असते. तुम्ही पुरुष असाल तर सोबत एखादी अनुभवी परिचारिका घेऊन जा, एवढाच यावर माझा सल्ला आहे.

त्या दिवशी मी वहीच्या मधल्या जोडपानावर त्यांची वंशावळ काढली: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरीव. चार पिढ्यांचा तो कागद पाहताना वारशाची रीत डोळ्यांपुढे उभी राहिली. प्रत्येक पिढीत आजार, मुलांनाही आणि मुलींनाही, आणि आजारी आई किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. आणखी एक गोष्ट दिसली. आजोबांना पन्नाशीत सुरू झालेला आजार नातवाला चाळिशीच्या आतच गाठत होता. या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ती बहुधा बावीस वेळा असतात, तेहेतीस किंवा त्याहून जास्त झाली की आजार होतो, आणि पुढच्या पिढीत जाताना, विशेषतः वडिलांकडून जाताना, ही संख्या वाढत जाते. संख्या जितकी मोठी तितका आजार लवकर. रक्ताच्या तपासणीने नंतर एससीए-२ वर शिक्कामोर्तब केले, पण वंशावळीचा कागद ते आधीच सांगून गेला होता.

आता माझी एक चूक सांगते, कारण तिच्यातून तुम्हाला उपयोगाचे काहीतरी मिळेल. साधारण दहा वर्षांपूर्वी भुदरगड भागातला बारा वर्षांचा एक मुलगा चालताना पडतो म्हणून आला. आईवडील मामे-आते भावंडे होती. आपल्या भागात मामाची मुलगी करणे रीतीला धरून आहे. अशा घरांत आईवडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याची शक्यता वाढते आणि मग प्रत्येक अपत्याला पंचवीस टक्के धोका राहतो. मी एक्झोम तपासणी, म्हणजे जनुकांच्या प्रथिने घडवणाऱ्या भागांचे वाचन करणारी तपासणी, पाठवली. त्या काळात ती नुकतीच आवाक्यात आली होती आणि तिच्यावर माझा नको तेवढा भरवसा होता. अहवाल निर्दोष आला आणि मी त्या आईवडिलांना सांगून बसले की हा आनुवंशिक आजार दिसत नाही. दोन वर्षांनी त्याची धाकटी बहीण तशीच पडू लागली. तो फ्रीडरिक्स अटॅक्सिया होता. त्यात जीएए या अक्षरांची माळ लांबते, तीही जनुकाच्या अशा भागात, जो नेहमीच्या एक्झोम तपासणीत वाचलाच जात नाही. एससीए-२ किंवा हंटिंग्टनसारख्या आजारांतल्या अक्षरांच्या माळाही या तपासणीतून बहुतेक वेळा निसटतात. त्या मुलाच्या हृदयाची तपासणी मी आधीच करायला हवी होती, कारण या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो. ती दोन वर्षे उशिरा झाली आणि तोवर स्नायू जाड झालेला होता. मी त्या घरी जाऊन माझी चूक सांगितली. आई फक्त एवढेच म्हणाली, की आधी कळले असते तर मुलीला पळण्याच्या शर्यतीत नाव घालायला लावले नसते. तेव्हापासून माझ्या ओपीडीत तोल जाणाऱ्या प्रत्येक लहान मुलाचे ई जीवनसत्त्व मोजले जाते, कारण त्याच्या कमतरतेचा एक आनुवंशिक आजार हुबेहूब फ्रीडरिक्ससारखा दिसतो आणि गोळ्यांनी आटोक्यात राहतो.

औषध नसलेल्या आजारांमागे लागू नका, या सल्ल्याला माझे पहिले उत्तर इथेच आहे. दुर्मिळ आजारांचा जाणकार नसेल, तर त्यांतले बरे होणारे आजारही असाध्य समजून घरी पाठवले जातात. विल्सन्स डिसीज हे याचे ठळक उदाहरण आहे. शरीरात तांबे साठत जाते, शाळकरी मुलाचे अक्षर बिघडते, तोंडातून लाळ गळते, स्वभाव बदलतो, आणि घरचे लोक बाहेरचे काही झाले असेल म्हणून वर्षभर देवदेव करत राहतात. डोळ्याच्या बुबुळाभोवतीची तपकिरी-सोनेरी कडा स्लिट लॅम्पखाली दिसते, रक्तातले सेरुलोप्लाझमिन हे तांबे वाहणारे प्रथिन आणि चोवीस तासांच्या लघवीतले तांबे मोजता येते, आणि या दोन्ही तपासण्या आता कोल्हापुरातून सहज होतात. पेनिसिलमाइन १९५६ पासून उपलब्ध आहे. जस्ताच्या गोळ्या तर स्वस्त आहेत. औषध आयुष्यभर चालते आणि भावंडांना लक्षणे नसली तरी तपासावे लागते, कारण त्यांतल्या एखाद्याला आजार होण्याआधीच थांबवता येतो.

दुसरे उदाहरण आपल्या गावाला जास्त लागू पडते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येणारा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, सकाळ-संध्याकाळ तालमीत जाणारा, अंगाने भरलेला. हिवाळ्यात पहाटे धार काढताना उजव्या हाताची बोटे वळेनात, दिवस वर आला की जरा बरे वाटे, असे तो सांगत होता. पंजा आणि मनगटाजवळचा भाग वाळला होता, पण कोपराखालच्या हाताचा अंगठ्याच्या बाजूचा स्नायू शाबूत होता. आधीच्या ठिकाणी त्याला मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एएलएस, हा स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झिजवणारा जीवघेणा आजार आहे असे सांगितले गेले होते आणि वडिलांनी म्हशी विकायला काढल्या होत्या. थंडीत बळ कमी होणे, तरुण वय, एकच हात आणि दुखणे नाही, एवढ्यावरून मी मानेचा एमआरआय पुन्हा करायला सांगितला, पण या वेळी मान पुढे वाकवून. मान सरळ असताना चित्र जवळजवळ निर्दोष होते. वाकवल्यावर मज्जारज्जूभोवतीचे आवरण मागून पुढे सरकून रज्जूला दाबताना दिसले. हा हिरायामा आजार. जपानमध्ये १९५९ मध्ये त्याचे वर्णन झाले, भारतात तो बऱ्यापैकी आढळतो, आणि काही वर्षांत तो आपोआप थांबतो. मानेला पट्टा आणि मान वाकवून करायचे डाव बंद, एवढेच उपचार त्याला लागले. तालीम सुटल्याचे त्याला वाईट वाटले, पण म्हशी राहिल्या.

मात्र खरोखर औषध नसलेले आजार उरतातच, आणि तुमच्या वरिष्ठांचा रोख त्यांच्याकडे असावा. त्याबाबत वर्षांचा हिशेब पाहा. एएलएसच्या काही कुटुंबांत एसओडी-१ या जनुकातला दोष १९९३ मध्ये सापडला. त्या दोषावर नेमके काम करणारे टोफर्सेन हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. फ्रीडरिक्सचे जनुक १९९६ चे, त्याचे पहिले मान्यताप्राप्त औषधही २०२३ चे. लहान मुलांच्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत, म्हणजे मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरून स्नायू वाळण्याच्या आजारात, २०१६ पासून एकामागून एक उपचार आले. मधल्या दोन-तीन दशकांत कुणीतरी त्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी तपासत होते, म्हणूनच औषधाने आजाराचा वेग कमी झाला की नाही हे ठरवता आले. आजार आपल्या चालीने किती वेगाने वाढतो याची नोंद नसेल, तर औषधाची चाचणी कशाशी ताडून बघणार?

ही नोंद कोल्हापुरात ठेवता येते. अटॅक्सियासाठी सारा नावाची मोजणी आहे: चालणे, उभे राहणे, बसणे, बोलणे, बोटांच्या आणि टाचेच्या चाचण्या अशा आठ बाबी, एकूण चाळीस गुण, आणि आजार वाढेल तसे गुण वाढतात. तिला एक खुर्ची, थोडी मोकळी जागा आणि पंधरा मिनिटे पुरतात. कागलच्या त्या कुटुंबातल्या आजारी माणसांची ही मोजणी मी अनेक वर्षे दर दिवाळीनंतर केली आहे, आणि माझ्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे असे मला वाटते.

शिक्षणाच्या वाटेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ती तुम्हाला ठाऊक आहे. एम.बी.बी.एस., एम.डी. आणि डी.एम. मिळून साडेअकरा वर्षे होतात. त्यानंतर हालचालींच्या विकारांची किंवा स्नायुविकारांची फेलोशिप जरूर करा, आणि ती बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकार संस्थेसारख्या किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसारख्या ठिकाणी करा, म्हणजे पुढे नमुने कुणाकडे पाठवायचे आणि अडलेल्या रुग्णाबद्दल कुणाला फोन करायचा याचे नाते जुळते. बेंगळुरूला निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. मरणोत्तर मेंदूदानाचा विषय कुटुंबापुढे काढणे अवघड असते. मी तो रुग्णाने स्वतः विचारल्याशिवाय काढत नाही, पण माहिती तयार ठेवते.

इथे परतल्यावर पहिल्या वर्षीच एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीशी संबंध जोडा. खासगी दवाखान्यातही तुम्ही नोंदी संशोधनासाठी वापरणार असाल, तर समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती लागते, आणि संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा मराठीत हवे. सीमेपलीकडून येणाऱ्यांसाठी कन्नडमध्येही. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर केंद्राची वेगळी परवानगी लागते. पैशांची ओढाताण राहील. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे निधीसाठी अर्ज करता येतो, पण पहिली काही वर्षे डोकेदुखी, फिट आणि अर्धांगवायूच्या रुग्णांवरच तुमचे घर चालेल, आणि त्या रुग्णांना दुय्यम समजू नका. अडचणीही अनपेक्षित येतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा बेंगळुरूला जायचे रक्ताचे नमुने माझ्या फ्रिजमध्ये अडकून पडले आणि शेवटी त्या कुटुंबाला पुन्हा बोलावून रक्त घ्यावे लागले. ते कुरकुर न करता आले. त्यांचे स्वतःचे घर आठवडाभर पाण्यात होते.

निदानाचा रुग्णाला लगेच काय उपयोग, असेही तुम्ही विचाराल. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्नायूंचे क्षयविकार, कंपवात आणि दीर्घकालीन मेंदूविकार यांचा समावेश आहे, आणि नेमके निदान लिहिले असेल तर प्रमाणपत्राचे काम सोपे होते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ठरावीक केंद्रांत, महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आयुष्यभर घ्यायच्या महाग औषधांपुढे ती रक्कम अपुरी पडते, हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते, तरीही महालक्ष्मी एक्स्प्रेसने त्यांना मुंबईला पाठवते. आणि त्या ट्रॅक्टरवाल्या गृहस्थांच्या बाबतीत निदानाचा पहिला उपयोग हा झाला, की ते दारू पीत नाहीत असे मी लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यानिशी दिले. ते पत्र त्यांनी काच लावून भिंतीवर टांगले.

एक गोष्ट कुठल्याही फेलोशिपमध्ये पुरेशी शिकवली जात नाही. त्या गृहस्थांची धाकटी मुलगी बावीस वर्षांची झाल्यावर एकटीच एसटीने माझ्याकडे आली. तिला कसलेही लक्षण नव्हते. वडिलांचा आजार आपल्यात उतरला आहे का, हे तिला जाणून घ्यायचे होते, कारण लग्नाची बोलणी चालू होती. अशी तपासणी पहिल्याच भेटीत कधीही करू नये, अल्पवयीन मुलांची तर करूच नये, आणि वडीलधाऱ्यांच्या किंवा सासरच्यांच्या आग्रहावरून अजिबात करू नये. आम्ही तीनदा बोललो. तपासणी होकारार्थी आली तर उद्या सकाळी काय कराल, असे मी विचारले. नकारार्थी आली आणि भावाची होकारार्थी असेल तर त्याच्यासमोर कशा बसाल, असेही विचारले. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "मला आत्ता नको कळायला." तो निर्णय तिचा होता आणि मी तो फाइलमध्ये तिच्याच शब्दांत लिहिला. तिने होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सगळे सांगितले, लग्न झाले, आणि मूल हवे असेल तेव्हा गर्भावस्थेत कायद्याच्या चौकटीत कोणती तपासणी होऊ शकते याची माहिती दोघांनी बसून घेतली. दरवर्षी ती येते, मी पेनाचे टोपण आणि बोट धरते, आणि आजवर तिची नजर एका उडीत पोचली आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी आणखी सात-आठ वर्षे पूर्ण वेळ काम करू शकेन. त्या कुटुंबाच्या वंशावळीचा कागद आता चिकटवून चिकटवून पाच पानांचा झाला आहे, आणि त्यातल्या सर्वांत धाकट्या चौकोनाचे वय दोन वर्षे आहे. त्याला कुणीतरी पुढची चाळीस वर्षे ओळखीने पाहायला हवे, आणि ते बेंगळुरूहून होणार नाही. डी.एम. सुरू होण्याआधी सुट्टीत कोल्हापुरात आलात तर मंगळवारी सकाळी या. त्या दिवशी मी ही कुटुंबे बोलावते. येताना तुमच्या वॉर्डातल्या तोल जाणाऱ्या एखाद्या रुग्णाची तीन पिढ्यांची वंशावळ काढून आणा, आणि ती काढताना त्याच्या घरातल्या सुनेशीही बोलून या.